वेगळी चूल

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी डोंगरगड मागे टाकते आणि रायपूरच्या अलीकडे सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव या स्थानकात थांबते. बदलीच्या निमित्ताने अथवा सुटीत गावी जाता-येता आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. चहाचा पेला खिडकीतून आत घ्यावा, सामान पुन्हा एकदा मोजावे आणि आता उतरण्याची तयारी करावी, एवढेच त्या स्थानकाचे आपल्या लेखी महत्त्व. हिंदी वाचकाला हे गाव गजानन माधव मुक्तिबोधांमुळे परिचित आहे. मराठी घरातला हा हिंदी कवी १९५८ पासून अखेरपर्यंत इथल्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होता. मराठी वाचकाने मात्र या गावाची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावयास हवी. नारायण वामन टिळक नागपूरहून या संस्थानात नोकरीसाठी यावयास निघाले ते १८९३ च्या सुमारास, आणि त्याच रेल्वेच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. गोष्टी निघाल्या त्या संस्कृत काव्याच्या. निरोप घेताना वॉर्डसाहेबांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. म्हणजे ज्या घटनेने मराठी काव्याला ‘अभंगांजली’ दिली आणि मराठी गद्याला ‘स्मृतिचित्रे’ दिली, तिचे बीज आपण ज्या रुळांवरून जा-ये करतो त्यांवरच पडले आहे.

‘स्मृतिचित्रे’विषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचे १९५० साली जोसेफाइन इंक्स्टर यांनी इंग्रजी रूपांतर केले आणि २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने भाषांतर केले. बहुतेक टीकाकारांनी या ग्रंथाची दोन लक्षणे पुनःपुन्हा सांगितली आहेत : निवेदनातील अकृत्रिम साधेपणा आणि त्यातील निर्मळ विनोद. दोन्ही खरी आहेत. तथापि या स्तुतीमुळे एक विपरीत गोष्ट घडली आहे, असे मला वाटते. विनोदी व घरगुती पुस्तक म्हणून आपण ते इतक्या प्रेमाने जवळ घेतले, की ते काय सांगते हे विचारण्याची गरजच आपणांस भासली नाही. लहरी नवरा, सोशिक पण मिस्कील बायको, मधे एक धर्मांतर, मग पुनर्मीलन, असा एक कथासार आपल्या मनात तयार असतो आणि त्याच्या चौकटीतच आपण पाने उलटीत जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मते ‘स्मृतिचित्रे’ हा अहंकाराविषयीचा ग्रंथ आहे. माणसाच्या अंगी असलेला मोठेपणा कोणकोणत्या वाटांनी घरात शिरतो, चांगुलपणाचा वेष घेऊन तो कसा वावरतो, आणि अखेर तो कशाने जातो, याचे इतके बारीक व इतके निर्वैर चित्रण मराठीत अन्यत्र क्वचितच सापडेल. लेखिकेने ‘अहंकार’ हा शब्द फारसा खर्च केलेला नाही, ही गोष्ट या प्रतिपादनाच्या आड येत नाही. ज्वराचे नाव न घेताही रोग्याचे चित्र काढता येते.

ग्रंथाचा आरंभ पाहावा. लक्ष्मीबाईंचे वडील विलक्षण सोवळे. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून स्वीकारावयाची नाही, असा त्यांचा दंडक, आणि त्यात सारे घर भरडून निघालेले. वाचक हसतो; लेखिकाही त्याला हसू देते. परंतु या सोवळ्याचे मूळ तिने आधीच सांगून ठेवले आहे. १८५७ च्या धामधुमीत या गृहस्थांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर विटाळाचे वेड त्यांच्या मनात शिरले. हा तपशील आपण कुतूहलाचा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वस्तुतः तो साऱ्या ग्रंथाची किल्ली आहे. अपमान झाला, मरण जवळून पाहिले, सत्ता गेली. जे हाती उरले ते स्वतःच्या शुद्धतेचे कुंपण. तेवढे तरी कोणी ओलांडू नये, म्हणून जन्मभर पाणी ओतीत बसावयाचे. जन्माच्या अभिमानाची चीड येणे सोपे आहे. तो अभिमान एका जखमेवर धरलेली खपली आहे, हे दाखवावयास मात्र ती जखम घरातच पाहिलेली असावी लागते. मुलगी बापाचा उपहास करीत नाही आणि त्याची बाजूही घेत नाही. ही जी मधली जागा तिने शोधून काढली, तिच्यावरच पुढे टिळकांचे चित्र उभे राहिले आहे.

टिळकांचे चित्र हा या पुस्तकाचा सर्वांत अवघड भाग. जॅक विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, त्यात एक थोर भक्तकवी भेटतो. तो खोटा नाही. परंतु त्या चरित्रातील टिळक जेव्हा हातातले देऊन टाकतात, तेव्हा आपणांस त्यांचे औदार्य दिसते. ‘स्मृतिचित्रे’तील टिळक जेव्हा हातातले देऊन टाकतात, तेव्हा आपणांस स्वयंपाकघरातला रिकामा डबाही दिसतो. दान एकच, पण ते कुठून पाहिले यावर त्याचा अर्थ बदलतो. उद्या काय शिजणार याची वास्तपुस्त न करता परक्याला घरी आणणे, मिळालेली नोकरी तत्त्वाखातर झटक्यासरशी सोडणे, कोणालाही न सांगता घरातून निघून जाणे : या साऱ्यांमागे लोभाचा लवलेश नाही. टिळकांना पैसा नको, पद नको, सुख नको. मग अहंकार कुठे आला? तो असा आला, की देणारा नेहमी आपणच असावे, एवढे मात्र त्यांना हवे होते. त्यागाचा निर्णय त्यांचा, तो निभावण्याचे काम दुसऱ्याचे. निर्लोभी माणसाच्या ठिकाणी अहंकाराला राहावयास हीच एक खोली उरते, आणि तिचे दार आतून बंद असते, कारण तिथे कोणी शोध घ्यावयास जात नाही.

मी हे टिळकांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. ते स्वतः ही गोष्ट जाणून होते. त्यांच्या ख्रिस्तभक्तीच्या अभंगांत स्वतःच्या क्षुद्रतेची, आत दडून बसलेल्या ‘मी’ची जी पुनःपुन्हा कबुली येते, तिला काही समीक्षकांनी केवळ परंपरेचा रिवाज मानले आहे. संतकवींनी स्वतःला हीन म्हणावे ही रीतच आहे, मग टिळकांनीही म्हटले, असे. मला हे पटत नाही. तुकोबांच्या सेतूवरून मी ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे उद्गार ज्यांनी काढले, त्यांना तुकोबांनी देवापाशी लहानपण का मागितले हे कळले नव्हते असे कसे म्हणावे? मोठेपणाचा त्रास ज्याला होतो तोच लहानपण मागतो. आणि टिळकांचे घरातले वर्तन ठाऊक झाल्यावर त्यांच्या अभंगांतील ती कबुली रिवाज म्हणून वाचताच येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचून ‘अभंगांजली’कडे परत जावे, त्या रचना अधिक खऱ्या वाटू लागतात. आत्मचरित्राने काव्याची अशी सेवा केल्याची उदाहरणे थोडी.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने काढली. पंढरपूर हे त्यांपैकी एक ठिकाण. पुढे त्या टिळकांकडे राहावयास गेल्या, पण धर्म बदलून नव्हे. ख्रिस्ती वस्तीत त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे वेगळे. ज्या माणसासाठी सारे सोसून आल्या, त्याच्या घरात त्या पाहुण्याहूनही परक्या होऊन राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

या वेगळ्या चुलीचा शेवट कसा झाला? बाप्तिस्म्याने झाला नाही. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. त्याआधी केव्हातरी लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःशीच वाद घातला : जाती देवाने केल्या की माणसांनी? जन्मताना आणि मरताना जर सारे सारखे, तर मधल्या मधे हा भेद कोणी घातला? उत्तर मिळाले तसा त्यांनी निश्चय केला, की यापुढे कोणाच्याही हातचे पाणी घ्यावयाचे, कोणाच्याही हातचे अन्न खावयाचे. ग्रंथातील हा प्रसंग मोठा गाजावाजा करून लिहिलेला नाही. दृष्टान्त नाही, अश्रू नाहीत, आकाशवाणी नाही. एका बाईने आपल्याशी विचार केला आणि पाण्याचा पेला हाती घेतला.

येथे अनेक वाचक म्हणतात, हा तर बुद्धिवाद झाला. यात ख्रिस्ती काय आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाकडे जावे लागते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. ही कथा सांगताना प्रवचनकार बहुधा येशूच्या नम्रतेवर थांबतात. परंतु त्या कथेत दुसरा एक अहंकारी माणूस आहे, त्याचे नाव पेत्र. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कदापि धुऊ नयेत. वरवर हा आदर आहे. मुळात मात्र ती स्वीकाराची भीती आहे. दुसऱ्याने वाकून आपले काही करावे हे सहन होत नाही, कारण त्या क्षणी आपण गरजू ठरतो. येशू त्याला ठणकावतो : हे घेतले नाहीस तर तुझा माझ्याशी काही संबंध उरत नाही. सेवा करावयास शिकवण्याआधी सेवा घ्यावयास शिकवण्याचा हा पाठ आहे, असे मला त्या अध्यायाचे वाचन वाटते. पाळकांना ते मान्य होईलच असे नाही.

लक्ष्मीबाईंचा तो पाण्याचा पेला नेमका या पाठातला आहे. त्यांनी कोणाला काही दिले नाही, घेतले. वडिलांचे सोवळे हे न घेण्याचे व्रत होते, टिळकांचे औदार्य हे न घेता देत राहण्याचे व्रत होते. या दोन व्रतांच्या मधोमध उभी असलेली ही अल्पशिक्षित बाई हात पुढे करते आणि ज्याला आपला समाज हीन म्हणतो त्याच्याकडून काहीतरी स्वीकारते. अहंकार देण्याने मोडत नाही, घेण्याने मोडतो, हे एवढे या ग्रंथाचे सांगणे आहे. त्यानंतर त्यांनी केलेली सेवा ही त्या घेण्याची फेड वाटते. उपकार वाटत नाही.

ती सेवा काय होती याची नुसती नोंद करतो, कारण लेखिकेनेही फारसे अधिक केलेले नाही. राहुरी-नगरच्या परिसरातली पोरकी मुले, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) प्लेगच्या साथीतील रुग्ण, घरात येऊन राहणारे विद्यार्थी आणि कवी. त्या कवींत त्र्यंबक बापूजी ठोंबरे होते, म्हणजे आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाची प्रतिभा सर्वांना दिसली, त्याला घर दिले ते टिळकांनी. त्याचे रुसवे काढले, त्याची जेवण्याखाण्याची आबाळ पाहिली ती लक्ष्मीबाईंनी. या भागातील विनोद पाहण्यासारखा आहे. स्वतःवर हसत हसत त्या सांगतात, आणि ज्याची सेवा केली त्याच्यावर हसताना त्याचा मान राखतात. सेवा करणाऱ्याला विनोदबुद्धी असली तर घेणाऱ्याचे ओझे निम्मे होते. आपल्याकडच्या कित्येक समाजसेवकांच्या आत्मचरित्रांतून ती एवढी का हरवलेली असते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मिशन या संस्थेचा अहंकार हाही या कथेत आहे, जरी तो लक्ष्मीबाईंपेक्षा टिळकांच्या चरित्रातून अधिक कळतो. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करताना टिळकांनी परदेशी मिशनऱ्यांच्या धनीपणावर स्पष्ट लिहिले. सेवेसाठी आलेल्यांनी मालक होऊ नये, एतद्देशीय ख्रिस्ती मनुष्याला पगारी नोकर करून ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत ते निवर्तले. हा दरबार टिकला नाही, म्हणून चरित्रकार त्याची नोंद जरा ओशाळून करतात. मला मात्र वाटते, की आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला उभा राहिलेला हा मनुष्य शेवटी जेव्हा पगार, पद आणि छत्र सोडून लोकांच्या दारी उभा राहिला, तेव्हा प्रथमच घेणाऱ्यांच्या रांगेत आला. त्यांच्या पत्नीने ते अठरा-एकोणीस वर्षे आधी केले होते.

आपण ज्या मुलखात राहतो तिथे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. छत्तीसगडात मिशनची रुग्णालये आणि कुष्ठालये शतकाहून जुनी आहेत. धमतरीचे रुग्णालय, बैतलपूर आणि चांपा येथील कुष्ठरुग्णांच्या संस्था यांची नावे आपल्या कानांवर असतात. त्याच वेळी मिशनच्या हेतूंविषयीचा वादही इथे जुना आहे. मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला, हे अनेकांस ठाऊक असेल. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सदाशिव गोविंद कात्रे यांची हकीकत येथे टाळता येत नाही. हे रेल्वेच्या नोकरीतले मराठी गृहस्थ, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. त्यांना स्वतःला कुष्ठरोग जडला, आणि उपचारासाठी ते बैतलपूरच्या मिशनच्या रुग्णालयात राहिले. तिथे उपचार मिळाले. पण उपचाराबरोबर होणारा धर्मप्रचार त्यांना सलला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९६२ साली चांप्याजवळ त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. १९७२ पासून त्या कामात अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट आले आणि २०१९ साली देह ठेवीपर्यंत तिथेच राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

काहीजण या हकीकतीचा उपयोग मिशनला हिणवण्यासाठी करतात, काहीजण तिचे नावच घेत नाहीत. मला ती ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. कात्रे यांना सेवा कशी असावी हे कळले, कारण त्यांनी आधी ती घेतली होती. जखम बांधणाऱ्या हाताने बदल्यात काही मागितले तर बांधून घेणाऱ्याला काय वाटते, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगावे लागले नाही. आणि ज्यांनी त्यांची जखम बांधली त्यांतील कित्येक हातांनी काहीच मागितले नसेल, हेही तितकेच संभवनीय आहे. संस्थेचा अहंकार आणि त्या संस्थेतल्या एखाद्या परिचारिकेची नम्रता एकाच छपराखाली नांदतात. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्त आणि बापटांचा संघ यांच्या नावाने भांडणाऱ्यांनी दोघांच्या हातांकडे पाहावे. ते हात कुठल्या बाजूचे हे ओळखणे कठीण जाईल.

ग्रंथाच्या उणिवांविषयीही लिहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद काही ठिकाणी त्यांनाच चुकवतो. टिळकांनी न सांगता निघून जाण्याचे काही प्रसंग असे आहेत, की तिथे रागच यावयास हवा होता. लेखिका तो गिळून गंमत सांगते, आणि वाचक टिळकांना फार स्वस्तात क्षमा करून मोकळा होतो. क्षमा करणे हा तिचा अधिकार, आपला नव्हे. प्लेगच्या दिवसांचे वर्णन मला अपुरे वाटते. जे तिने डोळ्यांनी पाहिले ते आणखी कोणी तिच्यासारखे लिहू शकले नसते, पण तिथे तिची लेखणी भराभर पुढे सरकते. स्वतःच्या सेवेविषयी बोलताना संकोच वाटणे ही नम्रता खरी. तथापि त्या रुग्णांची हकीकत ही तिची एकटीची मालमत्ता नव्हती. नम्रतेलाही कधीकधी दुसऱ्याचे मोल द्यावे लागते, ते असे.

मात्र या ग्रंथाचे रूपच मुळात नम्र आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, अशी कल्पना. म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथाचा कच्चा माल म्हणून ही पाने जन्मली. आरंभापासून अखेरपर्यंत लेखिका नवऱ्याला ‘टिळक’ म्हणते आणि स्वतःच्या ‘मी’ला कुठेही उंच आसन देत नाही. मराठीतील एक सर्वश्रेष्ठ आत्मचरित्र आत्मचरित्र लिहावयाच्या इच्छेतून निर्माण झालेले नाही.

या नियतकालिकाच्या वाचकांपैकी बहुतेकजण नोकरीनिमित्त घरापासून दूर आहेत. आपणही इथे वेगळी चूल मांडून राहतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपली मंडळे, आपले गणपती, आपली नाटके, हे सारे हवेच. त्यावाचून मुलांच्या तोंडी मराठी राहणार नाही. पण त्या जिव्हाळ्यात एक सोवळेही नकळत शिरते. इथल्या माणसाचा बोरे-बासीचा घास, त्याची बोली, त्याचे संथ चालणे यांविषयी आपण आपापसांत जे बोलतो ते सारेच प्रेमाने बोलत नाही. कचेरीत त्याचे काम करून देतो तेव्हा आपण त्याच्यावर अनुग्रह करीत असतो, निदान चेहरा तरी तसा असतो. मी स्वतः लहानशा खुर्चीवर बसणारा कारकून आहे, आणि खुर्ची लहान असली म्हणजे तिचा तोरा लहान असतो हा समज चुकीचा आहे, एवढे स्वानुभवाने सांगू शकतो.

पोळ्याचा सण आपलाही आणि इथलाही. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईने कागदात बांधून ठेठरी आणि खुरमी आणली. आम्ही दोघांनी तिचे कौतुक केले, मुलाच्या फाटलेल्या दप्तराऐवजी तिला नवे आणून देऊ असे सांगितले, आणि ती गेल्यावर पुडा तसाच चौकीदाराला देऊन टाकला. तेलाचा वास येतो, एवढेच कारण आम्ही एकमेकांना दिले. त्या सुमारास मी ‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्यांदा वाचीत होतो. पाण्याचा तो प्रसंग आदल्याच रात्री वाचून झाला होता आणि त्याखाली मी पेन्सिलीने रेघही ओढली होती. पुडा आणि रेघ यांचा काही संबंध आहे, हे मला बऱ्याच दिवसांनी, दप्तर आणून दिल्यावर, तिने आभार मानले तेव्हा ध्यानात आले. यंदाच्या पोळ्याला तिने काही आणले नाही.

ज्यांच्याजवळ हा ग्रंथ नाही त्यांनी चारही भाग एकत्र असलेली आवृत्ती घ्यावी. चौथ्या भागात गती मंदावते, काही ठिकाणे विस्कळीत वाटतात. तरीही तो टाळू नये. टिळकांच्या पश्चात एकटी पडलेली, पुढे दूर कराचीपर्यंत जाऊन राहिलेली ही वृद्ध बाई परमुलखात कशी वावरली, हे आपणांसारख्यांनी पाहण्यासारखे आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. त्याआधी आणखी एक काम त्या करीत होत्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते; त्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. नवऱ्याने अर्ध्यावर टाकून दिलेल्या अनेक गोष्टी लक्ष्मीबाईंनी जन्मभर उचलल्या, तशीच हीही उचलली, आणि जिला टिळकांनीच लिहावयास-वाचावयास शिकवले होते तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून काढले.